सत्ता कुणी हाती दिली? म्युनिक ते बर्लिन

मंगळवार, म्युनिक

हिटलरबद्दल आपल्याकडे वाचलं खूप जातं. युद्ध, छळछावण्या, साठ लाख ज्यूंचा संहार, बंकरमधला शेवट, सगळं माहीत असतं. पण तो सत्तेवर आला कसा, असं विचारलं की ‘व्हर्सायचा तह, महागाई आणि मग हिटलर’ अशी उडी मारून आपण मोकळे होतो. १९१९ ते १९३३ ही मधली चौदा वर्षं त्या त्या जागी उभं राहून क्रमानं बघायची, एवढ्यासाठी हा प्रवास आखला. भाची म्युनिकला शिकते, त्यामुळे सुरुवातीला तीही सोबत होती.

इझार टोअर या जुन्या वेशीपासून टाल नावाचा रस्ता निघतो. तिथल्या एका इमारतीत पूर्वी श्टेर्नेकरब्रॉय नावाचं बीअरगृह होतं. १२ सप्टेंबर १९१९ च्या संध्याकाळी ‘जर्मन कामगार पक्ष’ नावाच्या एका किरकोळ गटाच्या बैठकीला तीस वर्षांचा एक शिपाई इथं येऊन बसला. पहिलं महायुद्ध हरल्यावर उगवलेल्या छोट्या-मोठ्या पक्षांवर नजर ठेवायचं काम लष्करानं त्याला दिलं होतं. कॅप्टन कार्ल मायर हा त्याचा वरिष्ठ. पाळत ठेवायला आलेला हा माणूस, म्हणजे हिटलर, लवकरच त्या पक्षाचा, पुढच्या नाझी पक्षाचा, सभासद झाला. सभासद क्रमांक ५५५. पक्ष मोठा दिसावा म्हणून यादीच ५०१ पासून सुरू केलेली होती. मार्च १९२० च्या अखेरीपर्यंत त्याला पगार लष्कराचाच मिळत होता.

तिथून चालत दहा मिनिटांवर होफब्रॉयहाउस. खाली बँड वाजत असतो, पर्यटक लिटर-लिटरचे पेले घेऊन बसलेले असतात. २४ फेब्रुवारी १९२० ला याच इमारतीतल्या मोठ्या सभागृहात सुमारे २,००० लोकांसमोर पक्षाचा २५ कलमी कार्यक्रम वाचला गेला. चौथं कलम स्वच्छ सांगतं की जर्मन रक्ताचा माणूसच नागरिक होऊ शकतो, ज्यू होऊ शकत नाही. पुढे काय करणार हे त्यांनी लपवलं होतं, असं कुणी म्हणू नये. सत्तेवर यायच्या तेरा वर्षं आधी भरल्या सभेत ते वाचून दाखवलं होतं.

दुपारी इझार नदी ओलांडून ब्युर्गरब्रॉयकेलर होता तिथं गेलो. १९७९ मध्ये तो पाडला. आता तिथं हॉटेल आणि कार्यालयं आहेत. ८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री बव्हेरियाचा सर्वाधिकारी गुस्टाव फॉन कार इथं भाषण करत असताना सरकार उलथून टाकायला हिटलर आपली माणसं घेऊन घुसला आणि त्यानं छताकडे पिस्तूल झाडलं. वेळ अशी होती की युद्धापूर्वी ४.२ मार्कांना मिळणाऱ्या एका डॉलरला त्या महिन्यात ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले होते. आयुष्यभराची पुंजी बँकेत ठेवलेल्या शिक्षकाला, विधवेला, पेन्शनरला त्या पैशांत पाव येईनासा झाला होता. सरकारवरचा विश्वास कसा उडतो ते समजायला हा एक आकडा पुरतो.

या जागेची आणखी एक आठवण फरसबंदीत बसवलेल्या पाटीवर आहे. गेओर्ग एल्झर नावाच्या सुतारानं रात्रीमागून रात्री लपून सभागृहातला एक खांब पोखरला आणि त्यात बॉम्ब ठेवला. ८ नोव्हेंबर १९३९ ला तो फुटला, पण हिटलर तेरा मिनिटं आधीच निघून गेला होता. आठ माणसं गेली. एल्झरला एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपायला महिना असताना, डाखाउत गोळी घातली. पाटी शोधावी लागते. भाचीला ती आधी दिसली.

मग आम्ही १९२३ च्या मोर्च्याच्या वाटेनं चालत निघालो. ९ नोव्हेंबरला दुपारी सुमारे २,००० लोक हिटलर आणि पहिल्या महायुद्धातला जनरल लुडेनडोर्फ यांच्यामागे मारियनप्लाट्झवरून ओडेओन्सप्लाट्झकडे निघाले. फेल्डहेर्नहाले या कमानीदार वास्तूजवळ राज्य पोलिसांनी त्यांना अडवलं आणि गोळीबार झाला. बंडवाल्यांच्या बाजूची पंधरा माणसं मेली, एक बघ्या गेला आणि चार पोलीस मारले गेले. नाझींनी सत्तेवर आल्यावर आपल्या मृतांचं स्मारक उभारलं, त्यावर पहारा ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर हात वर करून सलामीची सक्ती केली. ज्यांना सलामी द्यायची नव्हती ते मागच्या व्हिस्कार्डी गल्लीतून वळसा घालून जायचे. त्या गल्लीत आज दगडी फरशीमधून काशाची एक वळणदार रेघ नेली आहे. पायांनी घासून ती मधे-मधे चकचकीत झाली आहे. तिच्यावर फलक नाही, खुलासा नाही. भाची म्हणाली, “मामा, मी इथून किती वेळा सायकल नेली असेल, कधी खाली बघितलंच नाही.” त्या चार पोलिसांची नावं समोर राजवाड्याच्या भिंतीवर लावली आहेत, तीही २०१० मध्ये. प्रजासत्ताकासाठी उभे राहिलेल्या माणसांची नावं भिंतीवर यायला सत्त्याऐंशी वर्षं लागली, याचं मला फार वाईट वाटलं.

बुधवार, म्युनिक आणि डाखाउ

नाझी पक्षाचं मुख्यालय, ब्राउनेस हाउस, जिथं होतं तिथं २०१५ पासून दस्तऐवज केंद्र आहे. पांढऱ्या काँक्रीटचा चौकोनी ठोकळा. इथं मी सगळ्यात जास्त वेळ १९२४ च्या खटल्यापाशी थांबलो.

चार पोलीस मेले होते. आरोप देशद्रोहाचा होता. न्यायाधीश गेओर्ग नाइटहार्ट यांनी मुख्य आरोपीला कोर्टात तासन्‌तास भाषणं करू दिली आणि वर्तमानपत्रांनी ती देशभर छापली. म्युनिकच्या बाहेर फारसा कुणाला ठाऊक नसलेला माणूस त्या पाच आठवड्यांत घराघरांत पोचला. शिक्षा झाली पाच वर्षांची, तीही मानाच्या किल्लेकैदेची. लुडेनडोर्फ निर्दोष सुटला. हिटलर तेव्हा ऑस्ट्रियाचा नागरिक होता आणि अशा परदेशी गुन्हेगाराला हद्दपार करण्याची तरतूद कायद्यात होती. जो माणूस हिटलरइतका जर्मन विचार करतो, त्याला हे कलम लावता येणार नाही, असं कोर्टानं म्हटलं. २० डिसेंबर १९२४ ला तो लांड्सबर्गच्या तुरुंगातून बाहेर पडला. नाइटहार्टला १९३३ मध्ये बढती मिळून तो म्युनिकच्या वरिष्ठ न्यायालयाचा अध्यक्ष झाला.

मला विचाराल तर सगळ्यात आधी दार उघडलं ते इथं. जमाव, मोर्चा, पिस्तूल यांना पोलिसांनी रोखलं होतं. कोर्टानं त्यावर पाणी ओतलं.

दुपारी लोकलनं डाखाउला गेलो, स्टेशनवरून बस. छळछावणीबद्दल इथं सविस्तर लिहीत नाही, ते एका परिच्छेदात लिहिण्यासारखं नाही. फक्त तारीख लक्षात ठेवा. २२ मार्च १९३३, बंद पडलेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात पहिले कैदी आणले गेले. ते प्रामुख्यानं राजकीय विरोधक होते. हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. पुढे या छावणीत दोन लाखांहून अधिक माणसं डांबली गेली आणि सुमारे ४१,५०० मेली. परतताना आम्ही दोघंही फारसं बोललो नाही.

गुरुवार, न्युरेंबर्ग

न्युरेंबर्गला काही तास उतरलो. झेपेलिन मैदानावरचा तो दगडी सज्जा, जिथून हिटलर लाखोंच्या संचलनांकडे बघायचा, आता पायऱ्या फुटलेल्या अवस्थेत आहे. ज्याला त्याला इथं फोटो काढायचा असतो. माझं मत असं की सत्ता कशी मिळाली हे या मैदानावर कळत नाही. ही अवाढव्य संमेलनं १९३३ नंतरची, म्हणजे सगळ्या सह्या होऊन गेल्यावरची. संध्याकाळच्या गाडीनं वायमार गाठलं.

शुक्रवार, वायमार

सकाळी थेट राष्ट्रीय नाट्यगृहापुढच्या चौकात. समोर गटे आणि शिलर यांचा एकत्र पुतळा. बर्लिनमध्ये जानेवारी १९१९ मध्ये रस्त्यांवर लढाया चालू होत्या, म्हणून कैसर गेल्यावर प्रजासत्ताकाची घटना लिहिणारी नवी राष्ट्रसभा या छोट्या, शांत गावातल्या नाट्यगृहात भरवली. ६ फेब्रुवारीला पहिली बैठक झाली. त्या निवडणुकीत जर्मनीतल्या बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं होतं, ३७ स्त्रिया निवडून आल्या होत्या. मारी युखात्स या सोशल डेमोक्रॅट बाईंनी १९ फेब्रुवारीला इथं भाषण केलं, जर्मन संसदेत बोललेली ही पहिली स्त्री. वायमार म्हटलं की आपल्याला फक्त अपयश आठवतं. पण सार्वत्रिक मताधिकार, आठ तासांचा कामाचा दिवस आणि पुढे बेरोजगारीचा विमा, एवढं काम या प्रजासत्ताकानं केलं होतं. ते उगाच मेलं नाही, त्याला मारण्यासाठी माणसं राबली.

समोरच्या बाजूला २०१९ पासून वायमार प्रजासत्ताकाचं संग्रहालय आहे. लहानसं, पण नीट मांडलेलं. मी तिथं कलम ४८ पुढे बराच वेळ बसलो. सार्वजनिक सुव्यवस्था धोक्यात आली तर राष्ट्राध्यक्षानं वटहुकूम काढावा, मूलभूत हक्क स्थगित करावेत, अशी ती तरतूद. पहिले अध्यक्ष एबर्ट यांनी ती बंडं आणि महागाईच्या संकटात प्रजासत्ताक वाचवण्यासाठीच वापरली. पण १९२५ मध्ये फील्ड मार्शल हिंडेनबर्ग अध्यक्ष झाले. १९१८ मध्ये लष्कर हरलंय, तहाची बोलणी करा, असा धोशा यांनी आणि लुडेनडोर्फनं लावला होता. आणि युद्ध संपल्यावर ‘घरच्यांनीच पाठीत सुरा खुपसला’ ही कहाणी लोकांच्या गळी उतरवणाऱ्यांतही हेच होते. तहावर सही करण्याचं पाप मात्र नागरी नेत्यांच्या माथी. युद्धबंदीवर सही करणारे एर्त्सबर्गर १९२१ मध्ये मारले गेले, परराष्ट्रमंत्री राथेनाउ १९२२ मध्ये.

तरीही १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मिळाली अवघी २.६ टक्के मतं आणि १२ जागा. हा आकडा बघून मी थबकलो. व्हर्सायला नऊ वर्षं झाली होती, चलनफुगवट्याला पाच, आणि लोक हिटलरला विचारत नव्हते. मग ऑक्टोबर १९२९ मध्ये परराष्ट्रमंत्री श्ट्रेसमान वारले आणि त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. जर्मनी उभी होती अमेरिकन कर्जांवर, ती परत मागितली जाऊ लागली. मार्च १९३० मध्ये बेरोजगारी विम्याच्या वर्गणीवरून आघाडी सरकार पडलं. त्यानंतरचा चॅन्सेलर ब्रुनिंग संसदेत बहुमत नसताना कलम ४८ वर राज्य करू लागला. पगार कापले, भत्ते कापले, कर वाढवले. १९३१ मध्ये संसदेनं ३४ कायदे केले आणि वटहुकूम निघाले ४४. १९३२ मध्ये कायदे फक्त ५, वटहुकूम साठाच्या वर. त्या वर्षी फेब्रुवारीत बेकार होते ६० लाखांहून जास्त.

हे नीट बघितलं पाहिजे. हिटलर यायच्या तीन वर्षं आधी संसद रिकामी पडली होती. कायदा म्हणजे एका वृद्ध माणसाची सही, ही सवय देशाला लागून गेली होती. ऑगस्ट १९४९ मध्ये आपल्या घटना समितीत आणीबाणीच्या तरतुदींवर चर्चा चालू असताना ह. वि. कामत यांनी याच वायमार घटनेचा दाखला देऊन सभागृहाला सावध केलं होतं. त्या काचेपुढे बसून मला त्यांचीच आठवण झाली.

वायमारची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाझींना जर्मनीत पहिलं मंत्रिपद मिळालं ते थुरिंगिया याच प्रांतात, जानेवारी १९३० मध्ये. विल्हेल्म फ्रिक गृह आणि शिक्षण खात्याचा मंत्री झाला. बाकीच्या उजव्या पक्षांना बहुमतासाठी नाझी हवे होते. तीन वर्षांनी बर्लिनमध्ये जे झालं त्याची ही तालीमच.

शनिवार, बर्लिन

विल्हेल्मश्ट्रासवरून सकाळभर चाललो. सरकारी जर्मनी इथं बसायची, आता पूर्व जर्मनीच्या काळातले फ्लॅट, दूतावास आणि माहितीचे फलक. हिटलर ज्या कैझरहोफ हॉटेलात मुक्काम ठोकून होता ते युद्धात जळालं. त्या जागी उत्तर कोरियाचा दूतावास आहे.

आता १९३२ चं साल. जुलैच्या निवडणुकीत नाझींना ३७ टक्के मतं आणि २३० जागा, सगळ्यात मोठा पक्ष. पण नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि २० लाख मतं घटली, जागा १९६ वर आल्या. पक्षाची तिजोरी रिकामी झाली होती. खुल्या निवडणुकीत हिटलरला बहुमत कधीही मिळालं नाही, आणि सत्ता मिळाली ती ओहोटी लागल्यावर. सोशल डेमोक्रॅट १२१ आणि कम्युनिस्ट १००, मिळून नाझींपेक्षा जास्त. पण कम्युनिस्टांच्या लेखी सोशल डेमोक्रॅट हेच मोठे शत्रू, आणि सोशल डेमोक्रॅटांना कम्युनिस्टांचा भरवसा नव्हता. रस्त्यावर दोघांचीही डोकी नाझींची तीच तपकिरी शर्टवाली फौज फोडत होती.

मग दिवाणखान्यातलं राजकारण सुरू झालं. फ्रान्त्स फॉन पापेन आधी चॅन्सेलर होता. जुलै १९३२ मध्ये त्यानं वटहुकूम काढून प्रशिया या सगळ्यात मोठ्या प्रांताचं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं आणि देशातलं सगळ्यात मोठं पोलीसदल केंद्राच्या हाती घेतलं. त्याला बाजूला सारून जनरल श्लायशर चॅन्सेलर झाला, तेव्हा सूड घेण्यासाठी पापेन हिटलरकडे गेला. ४ जानेवारी १९३३ ला कोलोनमध्ये बँकर कुर्ट फॉन श्रोडर याच्या घरी दोघं भेटले. पुढच्या काही आठवड्यांत ठरलं असं: हिटलर चॅन्सेलर, पापेन उपचॅन्सेलर, मंत्रिमंडळात हिटलरखेरीज नाझी फक्त दोन, फ्रिक आणि गोरिंग. बाकी सगळे जुन्या वळणाचे सरदार आणि उजवे. यांच्या कोंडाळ्यात हिटलर आपल्या मुठीत राहील, असं पापेनला वाटत होतं.

३० जानेवारीच्या सकाळी शपथविधीला जमलेली ही मंडळी अध्यक्षांच्या सचिवाच्या खोलीत भांडत होती. हिटलरला लगेच नव्या निवडणुका हव्या होत्या, राष्ट्रवादी पक्षाचा हुगेनबर्ग नाही म्हणत होता. अकरा वाजून गेले. अध्यक्षांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही, या एका धाकानं तो वाद अर्धवट सोडून सगळे आत गेले आणि ८५ वर्षांच्या हिंडेनबर्गपुढे शपथ झाली. मी तिथल्या फलकापुढे उभा होतो आणि मला संताप आवरेना. कोट्यवधी माणसांचं मरण ज्या सकाळी ठरत होतं, तेव्हा या लोकांना चिंता होती शिष्टाचाराची.

आणि त्या दोन मंत्रिपदांपैकी एकातून गोरिंगला प्रशियाचं गृहखातं मिळालं, म्हणजे पापेननंच काबीज करून ठेवलेले पोलीस. फेब्रुवारीत गोरिंगनं सुमारे ५०,००० गुंडपथकवाल्यांना दंडावर पट्टी बांधून सहायक पोलीस केलं.

रविवार, पोट्सडाम आणि राइशटाग

सकाळी पोट्सडामला गार्निसन चर्चचा नव्यानं बांधलेला मनोरा बघून आलो. २१ मार्च १९३३ ला इथं नव्या संसदेचं उद्घाटन झालं. सैनिकी गणवेशातल्या हिंडेनबर्गपुढे साध्या काळ्या कोटातला हिटलर अदबीनं झुकला. पदच्युत कैसरसाठी खुर्ची रिकामी ठेवली होती. सभ्य, देवभीरू मध्यमवर्गाला त्या दृश्यानं हायसं वाटलं.

दुपारी राइशटाग, म्हणजे संसदेची इमारत. २७ फेब्रुवारीच्या रात्री ही इमारत पेटली. मारिनुस व्हान डर लुबं हा डच तरुण आत सापडला. दुसऱ्याच दिवशी हिंडेनबर्गनं कलम ४८ खाली वटहुकुमावर सही केली. भाषण, छापखाना, सभा, पत्रांची गुप्तता, घरझडतीपासूनचं संरक्षण, सगळं ‘पुढील आदेशापर्यंत’ स्थगित. तो पुढचा आदेश १९४५ पर्यंत आला नाही. हजारो कम्युनिस्ट उचलले गेले. एवढी दहशत असूनही ५ मार्चच्या निवडणुकीत नाझी ४३.९ टक्क्यांवरच अडकले.

इमारतीसमोर रस्त्याच्या कडेला ओतीव लोखंडाच्या ९६ पाट्या ओळीनं उभ्या आहेत, कपाटात दाटीनं लावलेल्या जुन्या वह्यांसारख्या. कडेवर बोट फिरवलं की अक्षरं लागतात: खासदाराचं नाव, पक्ष, मृत्यूचं ठिकाण. नाझींनी ठार केलेले हे लोकप्रतिनिधी. मी एकेक नाव वाचत गेलो. बहुतेक कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट, पण इतरही पक्षांचे.

राइशटाग जळल्यामुळे संसद समोरच्या क्रोल ऑपेरागृहात भरू लागली. ते १९५१ मध्ये पाडलं, आता तिथं हिरवळ आहे. २३ मार्चला तिथं सर्वाधिकार कायदा मांडला गेला. पाच कलमं: सरकारनं संसदेविना कायदे करावेत, ते घटनेशी विसंगत असले तरी चालतील. दोन तृतीयांश मतं हवी होती. ८१ कम्युनिस्ट खासदार तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा. दारांत आणि भिंतींलगत गणवेशातली पथकं. कॅथलिक सेंटर पक्षाचे नेते कास यांना हिटलरनं लेखी हमी देतो असं सांगितलं होतं. ते पत्र आलंच नाही, तरी त्यांच्या पक्षानं बाजूनं मत दिलं. छोट्या उदारमतवादी पक्षाचे पाचही जण हो म्हणाले, त्यांत पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले अध्यक्ष झालेले थिओडोर हॉइसही होते.

विरोधात बोलायला एकच माणूस उठला, सोशल डेमोक्रॅट पक्षाचे ओटो वेल्स. “आमचं स्वातंत्र्य आणि आमचा जीव तुम्ही घेऊ शकता, आमची अब्रू नाही,” असं त्यांनी हिटलरच्या तोंडावर सांगितलं. मतं पडली ४४४ विरुद्ध ९४. ते ९४ सगळे त्यांच्याच पक्षाचे. बाहेर पडल्यावर आपलं काय होणार हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. हरणार हे माहीत असताना, हिशेब न करता दिलेलं हे मत मला या सगळ्या प्रवासातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आजच्या राइशटागमध्ये त्या पक्षाच्या बैठकीच्या दालनाला वेल्स यांचं नाव आहे.

सोमवार, बर्लिन

गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, मुख्यालय होतं तिथं ‘टोपोग्राफी ऑफ टेरर’ हे प्रदर्शन आहे. प्रवेश मोफत, आणि अर्धा दिवस तरी हवाच. २ मे १९३३ ला कामगार संघटना मोडल्या, १४ जुलैला नाझींखेरीज सगळे पक्ष बेकायदा ठरले. ज्या सेंटर पक्षानं मत दिलं होतं त्यानं आधीच स्वतःला विसर्जित केलं होतं.

३० जून १९३४ च्या सुमारास हिटलरनं आपल्याच पक्षातले आणि बाहेरचे नको झालेले लोक मारून टाकले, नव्वदच्या आसपास तरी. श्लायशरला आणि त्याच्या बायकोला त्यांच्या घरातच गोळ्या घातल्या. पापेनचे दोन जवळचे सहकारी मारले गेले, त्याला नजरकैदेत टाकलं; आणि काही आठवड्यांत तो हिटलरचा दूत म्हणून व्हिएन्नाला निघून गेला. १९२३ च्या बंडाला शेवटी साथ न देणाऱ्या म्हाताऱ्या कारला डाखाउला नेऊन ठार केलं. मंत्रिमंडळानं कायदा करून हे सगळे खून वैध ठरवले. २ ऑगस्टला हिंडेनबर्ग वारले आणि त्याच दिवशी सैन्यानं देशाऐवजी हिटलरच्या नावानं शपथ घेतली. न्युरेंबर्गच्या खटल्यात १९४६ मध्ये पापेन निर्दोष सुटला. ओटो वेल्स यांचं नागरिकत्व ऑगस्ट १९३३ मध्येच काढून घेतलं होतं, ते १९३९ मध्ये पॅरिसला परागंदा अवस्थेत वारले.

कुणाला या वाटेनं जायचं असेल तर म्युनिकचं दस्तऐवज केंद्र सोमवारी बंद असतं आणि राइशटागच्या घुमटासाठी आधी नोंदणी लागते, ती फुकट होते. वेळ कमी असेल तर न्युरेंबर्ग गाळा, वायमार गाळू नका.